सहा वर्षांत मेंदू ‘तयार’ होतो म्हणजे काय होतं?

गेल्या उन्हाळ्यात माझी भावजय भर दुपारी घरी आली, ती हातात एक जाडजूड फाइल घेऊन. नागपुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता कोणी उगाच घराबाहेर पडत नाही, तेव्हा काम महत्त्वाचं असणार हे कळलंच. कूलरसमोर बसून तिने फाइल माझ्यापुढे सरकवली. “ताई, तुम्ही बायोलॉजी शिकवता ना, जरा पाहून सांगा बरं. मला तं काही समजून नाही राहिलं.”

माझ्या भाचीच्या, चिनूच्या, दहाही बोटांचे ठसे घेऊन एका क्लासने तिचा ‘मेंदूचा रिपोर्ट’ काढून दिला होता. डावा मेंदू इतके टक्के, उजवा इतके टक्के, मुलगी ‘पाहून शिकणारी’ आहे, आणि पुढे कोणत्या क्षेत्रात चमकेल याचा अंदाज. चिनू पाच वर्षांची आहे. सध्या तिला कचऱ्याच्या गाडीवर काम करायचं आहे, कारण त्या गाडीला भोंगा असतो. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं की मुलाच्या मेंदूचा ८५ टक्के विकास सहा वर्षांच्या आत होतो, तेव्हा वेळ घालवू नका.

“म्हणजे एकच वर्ष उरलं ना हो आता?” भावजयीने विचारलं.

ठशांचं नंतर बघू. पण ८५ टक्क्यांचं ते वाक्य क्लासवाल्यांनी घरी बसून रचलेलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते आहे. तीन ते सहा वयाच्या मुलांकडे, म्हणजे अंगणवाडी-बालवाडीकडे, नीट लक्ष द्यायला हवं हे पटवण्यासाठी तिथे ते लिहिलंय. वाक्य एकच, एका ठिकाणी त्यातून अंगणवाडी निघते, दुसऱ्या ठिकाणी फीची पावती. म्हणून ते जरा उसवून पाहायला हवं.

टक्के कशाचे?

मुख्यतः आकाराचे. जन्मलेल्या बाळाचा मेंदू साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो, मोठ्या माणसाचा १३०० ते १४०० ग्रॅमचा. पहिल्या दोन वर्षांत तो मोठ्यांच्या मेंदूच्या पाऊणपट होतो आणि सहाव्या वर्षाच्या आसपास नव्वद टक्क्यांच्या जवळ पोचतो. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसतं ते यामुळेच. एवढ्यापुरतं ते वाक्य खरं आहे. पण सहाव्या वर्षी बापाची टोपी पोराच्या डोक्यात बसायला लागते, बापाची अक्कल नाही.

मग आत वाढतं काय? चेतापेशींची संख्या नव्हे, कारण बहुतेक चेतापेशी घेऊनच बाळ जन्माला येतं. प्रौढ मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात. ही मोजणी ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी मेंदूच्या ऊतींचं चक्क सूप केलं आणि त्यात तरंगणारी पेशीकेंद्रं मोजली. (वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.) वाढतात त्या पेशींच्या फांद्या, आणि एका पेशीची फांदी दुसरीला जिथे भेटते त्या जोडण्या. या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये बारीकशी फट असते, अलीकडच्या पेशीने सोडलेलं रसायन ती फट ओलांडून पलीकडे जातं, आणि निरोप पोचतो. पेशींच्या लांब तंतूंवर हळूहळू चरबीयुक्त आवरणही चढतं, त्यामुळे निरोप वेगाने धावतो.

खरी गंमत मात्र पुढे आहे. शिकागोचे बालचेतातज्ज्ञ पीटर हटनलोकर यांनी वेगवेगळ्या वयांत मृत्यू झालेल्या माणसांच्या मेंदूचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून जोडण्या मोजल्या. १९७९ मध्ये त्यांनी लिहिलं की मेंदूच्या पुढच्या भागात एक-दोन वर्षांच्या बाळाच्या जोडण्या मोठ्या माणसापेक्षा सुमारे निम्म्याने जास्त दाट असतात. पुढे त्या कमी होत जातात. वाढणं म्हणजे भर पडत जाणं, असं आपण धरून चालतो. मेंदू आधी भरमसाट जोडण्या करतो आणि मग त्यातल्या बऱ्याचशा काढून टाकतो.

काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागा असलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. झाड फोफावतं, मग वाळक्या फांद्यांची सल काढावी लागते, नाही तर झाडाची ताकद भलतीकडे जाते. फरक एवढाच की मेंदूच्या बागेत माळी नाही. कोणती फांदी वाळणार हे वापरावरून ठरतं. ज्या जोडणीवरून निरोप येतात-जातात ती टिकते, जिच्याकडे कोणी फिरकत नाही ती झडते.

या उद्योगाला इंधनही तसंच लागतं. मोठ्या माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण स्वस्थ बसलेलं असताना शरीराच्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा खातो. पाच वर्षांच्या आसपास मुलाच्या बाबतीत हा हिस्सा दोन तृतीयांशापर्यंत जातो, असं क्रिस्तोफर कुझावा आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. त्या वयात शरीराची वाढ मंदावलेली असते, ती बहुधा याचसाठी. दुपारच्या खिचडीचा आणि अभ्यासाचा संबंध इथे आहे.

त आणि ट

आता ‘वेळ घालवू नका’ या धमकीकडे वळू. काही गोष्टींना खरोखर वेळ असते. त्याचा सगळ्यात सुंदर पुरावा आपल्याच जिभेवरचा आहे.

कॅनडातल्या व्हॅन्कूव्हरमध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली बाळं घेतली आणि त्यांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’चे आवाज ऐकवले. आवाज बदलला की बाजूला एक खेळणं उजळायचं, त्यामुळे फरक ऐकू आला की बाळ तिकडे मान वळवायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तो कळत नव्हता! पण दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळजवळ ऐकू येईनासा झाला. ज्यांच्या घरी हिंदी बोलली जात होती त्या बाळांचा कान मात्र तसाच राहिला.

म्हणजे बाळ पहिल्या वाढदिवसाला पोचतं तोवर त्याच्या मेंदूने हिशेब केलेला असतो: माझ्या माणसांच्या बोलण्यात कोणते फरक कामाचे आहेत, कोणते नाहीत. कामाचे धारदार होतात, बाकीचे एका खोक्यात जातात. माझी आजी नरखेडकडची. ती डोळ्याला ‘डोया’ आणि शाळेला ‘शाया’ म्हणायची. आम्ही घरात आजीचा ‘य’ ऐकला आणि वर्गात बाईंचा ‘ळ’, आणि दोन्ही आपापल्या जागी बसले. नागपूरच्या पोरांचं तर काय विचारता, घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. एवढ्या भाषांनी पोर गोंधळेल ही भीती मला दर महिन्याला कोणीतरी बोलून दाखवतं. दोन भाषांत वाढणारी मुलं बोलण्याचे टप्पे साधारण इतरांच्याच वयात गाठतात. ती एका वाक्यात दोन भाषा मिसळतात हे खरं, पण इतवारीतले दुकानदारही मिसळतात, त्यांना कोणी तज्ज्ञाकडे नेत नाही.

याच्याच पुढचा एक प्रयोग मोबाइल हातात देणाऱ्या प्रत्येक घराने ऐकावा असा. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसून खेळायची, गोष्टी सांगायची. अशा बारा बैठका झाल्या. काहींना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, काहींना नुसता आवाज. माणसांकडून शिकलेल्या बाळांना चिनी आवाजांतले फरक कळू लागले. टीव्हीवाल्या आणि नुसत्या आवाजवाल्या बाळांच्या पदरी काहीच पडलं नाही. बाळाने हुंकार दिला की माणूस त्याच्याकडे पाहून उत्तर देतो, पडदा देत नाही, आणि बाळाचा मेंदू या देवाणघेवाणीवर चालतो.

खिडकी बंद होते का?

‘नाजूक काळा’ची, म्हणजे काही गोष्टी शिकण्याची खिडकी ठरावीक वयातच उघडी असते ही, कल्पना पक्की केली ती डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी, मांजराच्या पिल्लांवर. पिल्लाचा एक डोळा काही आठवडे शिवून ठेवला आणि नंतर उघडला, तर डोळा ठणठणीत असूनही पिल्लाला त्याने धड दिसत नव्हतं. मेंदूतली त्या डोळ्याची जागा दुसऱ्या डोळ्याने बळकावली होती. मोठ्या मांजरावर हेच केलं तर असं काही झालं नाही. १९८१ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तिरळेपणा किंवा एका डोळ्याचा मोठा नंबर ही गोष्ट ‘मोठं झाल्यावर पाहू’ म्हणून सोडू नये, असं डोळ्यांचे डॉक्टर कळवळून सांगतात त्याच्या मुळाशी हेच आहे.

पण पिल्लांवरून पोरांवर थेट उडी मारता येत नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकवणारे पवन सिन्हा यांनी भारतात ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. जन्मापासून मोतीबिंदूमुळे आंधळ्या राहिलेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया करायच्या आणि ती पाहायला कशी शिकतात त्याचा अभ्यास करायचा. जुन्या समजुतीप्रमाणे सात-आठ वर्षांनंतर डोळा उघडून उपयोग नव्हता. यातली कित्येक मुलं त्याहून मोठी होती. पट्टी काढल्यावर सुरुवातीला त्यांना रंगांचे तुकडे दिसत, वस्तू कुठे संपते आणि सावली कुठे सुरू होते ते कळत नसे. पण महिन्या-महिन्याने ती शिकत गेली, विशेषतः हलणाऱ्या वस्तूंवरून. नजरेचा बारकावा पूर्ण आला नाही. जन्मापासून डोळस असलेल्यांइतकं त्यांना दिसत नाही. तरी ती चेहरे आणि वस्तू ओळखायला शिकली. खिडकीचं एक दार लागलं होतं, दुसरं उघडंच होतं.

उशीर कुठे खरोखर महाग पडतो, ते रुमानियात दिसलं. तिथल्या अनाथालयांत हुकूमशहा चाउसेस्कूच्या राजवटीपासून बाळं पाळण्यात पडून असायची. पोटाला मिळायचं, पण बोलणारं, उचलून घेणारं माणूस नव्हतं. २००० साली बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत पाठवली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, मेंदूतल्या विद्युतलहरी सुधारल्या, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांच्या बाबतीत तर बऱ्याच गोष्टी जास्त चांगल्या सुधारल्या. मी हा अभ्यास शिकवताना दर वेळी जरा थांबते.

तर सहा वर्षांच्या आत हवं काय? भरपूर बोलणारी, उचलून घेणारी माणसं. पोटभर जेवण, लोह आणि आयोडीन, कारण यांची कमतरता मेंदूच्या वाढीला थेट नडते. ऐकू येतं का, दिसतं का याची तपासणी. आणि सतत धास्तीत राहावं लागू नये असं घर. यातलं क्लासमध्ये काहीच विकत मिळत नाही, बरंचसं अंगणवाडीच्या सेविकेच्या कामाच्या यादीत आहे. तिचं मानधन आणि त्या क्लासची फी शेजारी ठेवून पाहा, मी काही बोलत नाही.

तिशीतही

वाचनाला तर अशी खिडकी मुळी नाहीच. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची आहे. वाचनासाठी मेंदूत खास भाग निर्माण व्हायला उत्क्रांतीला एवढा वेळ पुरत नाही. मग मेंदू काय करतो, तर चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागाचा एक तुकडा, डाव्या बाजूला खाली, अक्षरांच्या कामाला लावतो. फ्रान्सचे स्टानिस्लास देहेन यांनी हे उलगडून दाखवलंय. बोलणं मूल आपोआप उचलतं, वाचन मात्र शिकवावं लागतं, ते यामुळे. पोर पहिलीत अक्षरं उलटी काढतं त्याचंही हेच कारण. कप उजवीकडून पाहा की डावीकडून, मेंदूला तो कपच वाटायला हवा; तीच सवय अक्षरांनाही लागू होते आणि मग ती मोडावी लागते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक तिशीच्या आसपासच्या बाया, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून आधी आणि नंतर त्यांचे मेंदू स्कॅन केले गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूच्या वरच्या थरातच नव्हे, तर खोल आतल्या जुन्या भागांच्या आपसातल्या समन्वयातही बदल दिसले. मराठीतल्या वेलांट्या-उकारांशी झुंजणाऱ्या एखाद्या आजीला हे जरूर सांगा.

लंडनचे टॅक्सीवाले तर आता पाठ्यपुस्तकांतही आले आहेत. परवान्यासाठी त्यांना सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग मागच्या बाजूला इतरांपेक्षा मोठा असतो. तेव्हा शंका अशी की ज्यांचा तो मुळात मोठा असतो तेच टॅक्सीवाले होत असतील. मग त्यांनी शिकाऊ उमेदवारांवर काही वर्षं नजर ठेवली. २०११ चा निकाल: परीक्षा पास झालेल्यांचा तो भाग वाढला, नापासांचा आणि या भानगडीत न पडलेल्यांचा नाही. सगळे प्रौढ होते.

आणि दुसऱ्या टोकाला, कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. थांबणं, पुढचा विचार करणं, मोह आवरणं ही त्याची कामं. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये मुलांना गाडी चालवण्याचा संगणकी खेळ दिला. एकटं खेळताना किशोरवयीन मुलं मोठ्यांच्या फार पुढे नव्हती, पण दोस्त शेजारी उभे राहिले की त्यांचं धोका पत्करणं खूपच वाढलं. मोठ्यांवर काही परिणाम नाही. फुटाळा तलावावर संध्याकाळी ट्रिपल सीट जाणारे पोट्टे पाहिले की मला हा आलेख आठवतो. त्यांना धोका कळत नाही असं नाही. मागे बसलेल्या दोघांसमोर तो तोलता येत नाही.

शिकलेलं राहतं कुठे

अमेरिकेत १९५३ मध्ये हेन्री मोलायसन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या माणसाच्या अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढून टाकला गेला. झटके कमी झाले, पण त्यानंतर नवीन काही त्याच्या लक्षात राहीना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की नव्याने ओळख. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणायचा की हे मी आज पहिल्यांदाच करतोय. स्मरण म्हणजे एकच कोठार नव्हे, हे या एका माणसामुळे कळलं. सायकल आणि सनावळी वेगवेगळ्या ठिकाणी साठतात. म्हणूनच गणित ‘समजलं’ म्हणणारं मूल पेपरात अडतं: समजणं झालेलं असतं, हात बसलेला नसतो.

जोडणीच्या पातळीवर काय होतं, याचा अंदाज कॅनडाच्या डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये बांधला होता. एक पेशी दुसरीला वारंवार चेतवत राहिली तर त्यांच्यातला दुवा बळकट होत असला पाहिजे. १९७३ मध्ये टिमोथी ब्लिस आणि तेर्ये ल्योमो यांना सशाच्या मेंदूत हे प्रत्यक्ष दिसलं; थोडा वेळ भराभर विजेचे ठोके दिले तर तो दुवा पुढे कित्येक तास जोरदार राहिला. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर काम करून दाखवलं की थोड्या वेळाची आठवण आधीच्याच जोडण्यांच्या रसायनात फेरफार करून भागते, पण टिकाऊ आठवणीसाठी पेशीला नवी प्रथिनं बनवून नव्या जोडण्या उभाराव्या लागतात. २००० सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

नवं बांधकाम म्हटलं की वेळ आला, आणि झोपही. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी पाहिलं की उंदीर दिवसा ज्या वाटेने फिरला, त्या वाटेवर ज्या पेशी जोडीने चमकल्या त्याच त्याच्या झोपेतही जोडीने चमकतात. दिवसभराची उजळणी मेंदू रात्री करतो. बारावीची पोरं पेपरच्या आदल्या रात्री दोन-तीनपर्यंत जागतात, तेव्हा ती नेमकी ही उजळणी रद्द करत असतात. मी हे सांगते, ती मान डोलावतात, आणि जागतात.

माझ्या वर्गात मात्र सगळ्यात उपयोगी पडला तो एक साधा, स्कॅनर न लागणारा प्रयोग. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांना उतारे वाचायला दिले. एका गटाने ते पुन्हा पुन्हा वाचले. दुसऱ्याने एकदा वाचून मिटवले आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे बरेच पुढे. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री कोणाला होती? पुन्हा वाचणाऱ्यांना. तीन रंगांच्या हायलायटरने पुस्तकाची होळी-धुळवड करणाऱ्या मुलांचं असंच होतं. पान ओळखीचं वाटतं आणि ती त्याला ‘येतंय’ समजतात. पान बंद करून आठवायला बसलं की डोकं दुखतं, पण बांधकाम तेव्हाच चालू असतं. आठवायच्या वेळा थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने ठेवल्या तर आणखी पक्कं. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून हे अंतराचं गणित मांडलं होतं. आमच्या लहानपणी रोज संध्याकाळी दिव्याला नमस्कार करून पाढे म्हणायला लावायचे ते याच नियमात बसतं, फक्त तेव्हा त्याला फी नव्हती.

इथे एक कबुली द्यायला हवी. शेवटच्या दोन गोष्टी मेंदू न उघडता कळल्या. जॉन ब्रूअर यांनी १९९७ मध्येच बजावलं होतं की पेशीपासून वर्गापर्यंत थेट पूल बांधायला जाणं म्हणजे फार लांबची उडी आहे. मध्ये मानसशास्त्राचा खांब लागतो. मेंदूचं संशोधन आपल्याला कारण सांगतं, उशीर कुठे परवडत नाही ते सांगतं, थोतांड ओळखायला मदत करतं. उद्या सकाळी सातवी ‘ब’मध्ये अपूर्णांक कसे शिकवायचे ते सांगत नाही.

फाइल

आता थोतांडाकडे. डावा-उजवा मेंदू: २०१३ मध्ये युटा विद्यापीठात हजाराहून जास्त स्कॅन तपासले गेले. काही कामं एका बाजूला जास्त होतात हे खरं, पण माणूस ‘डाव्या मेंदूचा’ किंवा ‘उजव्या मेंदूचा’ असतो याचा पुरावा सापडला नाही. ‘पाहून शिकणारी’: मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, पण आवडीप्रमाणे शिकवलं तर जास्त शिकतात, हे नीट केलेल्या प्रयोगांत दिसत नाही, हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच सगळा पुरावा चाळून ते सांगितलं.

आणि बोटांचे ठसे. मी भावजयीला समजावलं की ठशांच्या रेषा आईच्या पोटातच, सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात आणि मरेपर्यंत बदलत नाहीत. पोलीस त्यांचा वापर करतात तो त्या बदलत नाहीत म्हणून. मेंदूची सगळी मजा तो बदलतो यात. जी गोष्ट कधीच बदलत नाही तिच्यावरून सतत बदलणाऱ्या गोष्टीचं भविष्य सांगायचं, हे म्हणजे सीताबर्डीच्या किल्ल्याकडे पाहून उद्याचे संत्र्याचे भाव सांगण्यासारखं झालं.

“फी तं भरून झाली बाप्पा,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, “अन् अ‍ॅबॅकस? त्याचंही नाव घेऊन राहिले होते ते.”

त्यावर मात्र चांगला भारतीय पुरावा आहे. वडोदऱ्यात डेव्हिड बार्नर आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षं शाळकरी मुलांवर अभ्यास केला, २०१६ मध्ये तो छापून आला. चिठ्ठ्या टाकून काही मुलांना अ‍ॅबॅकस, काहींना नेहमीचं जादा गणित. अ‍ॅबॅकसवाल्यांची आकडेमोड जास्त सुधारली. लक्ष, स्मरण, सर्वसाधारण बुद्धी यांत फरक पडला नाही. जे घोकलं ते वाढलं. याच्यासारखंच एक २०२५ मध्ये समोर आलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आदींनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं पाहिली. भाजीचा अवघड हिशेब ती तोंडी फटाफट करायची, तेच गणित पुस्तकी रूपात दिलं की अडायची. शाळेतल्या, बाजारात न बसणाऱ्या मुलांचं उलट. दोन्ही जोडण्या पक्क्या होत्या, एकमेकींपर्यंत रस्ता नव्हता. तो रस्ता कोणीतरी मुद्दाम बांधून द्यावा लागतो.

“म्हणून मणी सरकवायला तिला मजा येत असेल तर घाल,” मी म्हटलं. “बेरजा-वजाबाक्या बऱ्या होतील. बुद्धी वाढेल म्हणून घालत असशील तर राहू दे.”

“अन् ते एक वर्ष उरलेलं?”

चिनू तोवर कूलरच्या मागे जाऊन उकिडवी बसली होती. पाणी पडलं की वाळ्याला असा वास का येतो, म्हणून तिसऱ्यांदा विचारत होती. भावजय तिला “थांब, आत्या बोलून राहिली ना” म्हणाली. मी फाइल मिटवली आणि वासाचं नेमकं काय सांगावं याचा विचार करत तिच्या शेजारी जाऊन बसले.